भरवाट्याचं वय

मनसाराम चौथी पास होता आणि ही गोष्ट त्यानं मोहल्ल्यात कुणाला विसरू दिली नव्हती. ढिवरांची तीस घरं. बाप्यांपैकी सही करणारे सहा जण, आणि टपालाचं पाकीट हातात घेऊन ज्याचा चेहरा उतरत नाही असा तो एकटा. मासेमारी संस्थेची नोटीस आली की ती त्याच्याकडे यायची, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते तोच वाचायचा, आणि वाचता आलं नाही तरी काहीतरी सांगायचाच. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या माघात साक्षरतेच्या सर्वेक्षणाची मुलगी एसटीतून उतरली तेव्हा तिला घरोघर फिरू न देता लोकांनी सरळ मनसारामच्या अंगणात आणून बसवलं.

फरहा तिचं नाव. तालुक्याच्या गावात तिच्या वडिलांचं, रहीमभाईंचं, घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. तिनं डी.एड. केलं होतं, नोकरी लागेपर्यंत हे फॉर्म भरायचं काम घेतलं होतं. खाटेवर बसून तिनं मांडीवर पाटी ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. मनसाराम उत्तरं देत गेला. स्वतःच्या घराची दिली, शेजारच्या घराची दिली, आणि मग अंगात वारं भरल्यासारखं सगळ्या तीस घरांची देऊन टाकली.

"तुमचं वय?"

"पंचेचाळीस लिवा."

"गोकुळाबाईंचं?"

"चाळीस."

"मुलगी?"

"सोनू. अठरा."

"गोकुळाबाईंचं शिक्षण?"

"तिचं कायचं शिक्षण, मॅडम? अंगठा."

गोकुळा, त्याची बायको, तिथंच पडवीत बसून जाळ्याची फाटलेली घरं सांधत होती. तिनं मान वर केली नाही. फरहानं तिलाच विचारलं, "बाई, तुम्हाला कुठपर्यंत मोजता येतं?"

"तिले काय मोजता येते?" मनसाराम हसला.

"उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडके तर बांधत असतील ना? सत्तर पानांचे?"

"ते मोजणं नोहे, मॅडम. ते हाताची सवय होय."

फरहानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. दुपारच्या एसटीला ती निघाली तेव्हा सगळा मोहल्ला कागदावर उतरलेला होता आणि एकाही बाईचा आवाज तिच्या कानांवर पडलेला नव्हता. मनसारामनं तिला स्टँडवर पोचवून दिलं. परत येताना त्याला आपण सरकारचं मोठंच काम उरकलं असं वाटत होतं.

त्या साली तलाव लवकर आटला. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. धानाच्या बांधीत भेगा पडल्या, आणि एरवी वैशाखात उघडी पडणारी तळाची काळी माती फाल्गुन लागायच्या आतच काठाकाठानं दिसू लागली. पाण्यात मासोळ्या दाटीनं फिरत होत्या, बगळे दिवसभर उभे असायचे. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या झिंगूबाप्पानं सांगितलं, यंदाची शेवटची ओढ होळीच्या आधीच करा, नाहीतर मासोळ्या चिखलात मरतील.

शेवटची ओढ म्हणजे मोहल्ल्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी सगळे मिळून तलावभर मोठं जाळं ओढायचे आणि मासोळ्यांचे वाटे पडायचे. विकण्यापुरतं विकून बाकीचं सुकवून ठेवायचं, ते पुढं श्रावणापर्यंत पुरवायचं. मोठ्या माणसाला भरवाटा, पोराला अर्धवाटा. मोठं कोण आणि पोर कोण हे ठरवायची रीत फार जुनी होती. तलावाच्या तुडुमाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी मोरीशी, एक उभा दगड होता आणि त्याला एक खाच होती. तिथं उभं राहायचं. खांदा खाचेला लागला की भरवाटा. त्या दिवसापासून पोरगा बाप्या आणि पोरगी बाई.

मोहल्ल्याला वयाची एवढीच गरज पडायची. कागदावर लिहायची वेळ आली तर भरवाट्याची पोरगी ती अठराची, हे मनसारामनंच कधीतरी ठरवून दिलं होतं. अठराच्या आतली पोर लग्नाच्या कागदावर चालत नाही हे त्यानं तालुक्याला वाचलं होतं. त्यामुळे इथल्या मुली एका दिवसात अठराच्या व्हायच्या आणि लग्न होईस्तोवर अठराच्याच राहायच्या. सोनू उंचीनं बापावर गेली होती. गेली चार सालं ती अठराची होती आणि मनसारामला त्यात काही खटकलं नव्हतं.

तिचं लग्न नदीपलीकडच्या हेमराजच्या पोराशी ठरलं होतं. हेमराजला घाई होती. वैशाखात तेंदू सुरू होतो आणि सून त्याआधी घरात आली तर पानं तोडायला दोन हात वाढतात, हे तो उघड बोलून दाखवायचा. चैत्राच्या पुनवेनंतरचा दिवस धरला होता. मनसारामला सोयरीक आवडली होती. पोरगा धडधाकट होता, घरी दोन नावा होत्या, आणि पोरगी नदीच्या पलीकडेच राहणार होती. सोनूला कुणी विचारलं नव्हतं. तीही नवी साडी मिळणार म्हणून खुशीत होती.

ओढीच्या आठ दिवस आधी फरहा परत आली. तेच फॉर्म तिच्या पिशवीत होते. मोहल्ला तेव्हा तलावाच्या बांधावर, पाळीवर, बसून मोठं जाळं दुरुस्त करत होता. बाया एका बाजूला, बापे दुसऱ्या बाजूला, मध्ये पसरलेलं जाळं.

"भाऊ, फॉर्म परत आले," तिनं मनसारामला सांगितलं.

"काऊन? अक्षर खराब होतं का तुमचं?"

"अक्षर नाही, वयं. एकशे बेचाळीस माणसं. त्यातल्या एकशे नऊ जणांचं वय पाचावर नाहीतर शून्यावर संपतं. तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास. आणि लग्नाच्या सगळ्या मुली अठराच्या. साहेब म्हणाले, हे गाव आहे की पाढ्यांचं पुस्तक?"

बापे हसले. मनसाराम हसला नाही. तीस घरांची वयं त्यानं तोंडी दिली होती, त्यातली पाच-सात तर चांगला विचार करून दिली होती. चारचौघांत असं कुणी त्याचं गणित काढलं नव्हतं.

"शिकलेल्या माणसानं अंदाजानं सांगतलं तं इतकं का बिघडलं?" तो म्हणाला.

"तुमचंच नाही, भाऊ. सगळीकडे असंच होतं. आमच्या घरी अब्बांनी मतदार यादीत अम्मीचं वय चाळीस सांगितलं होतं. अम्मीनं बसून मोजलं तर तेहतीस निघालं. सात वर्षं अब्बांनी फुकटात वाढवली." मग ती बायांच्या बाजूला जाऊन बसली. "आता सांगितलंय की बायांचं बायांनाच विचारायचं. साल येत नसेल तर पूर कधी आला, वीज कधी आली, त्यावरून मोजायचं."

बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. कुणी पदर तोंडाशी धरला. पहिली बोलली ती गोकुळा, आणि तीही हातातली बांबूची सुई न थांबवता.

"सोनूचं सांगू का?"

"सांगा."

"पाळ फुटली त्या पावसाळ्यात मले पाचवा महिना होता. पुसात झाली. मंग उन्हाळ्यात पाळ बांधाचं काम निंगालं, तवा तिले बाभळीले झोळी बांधून टाकत होती अन् मी माती वाहत होती. चार महिन्याची होती."

"ते साल कोणतं?"

"साल मले नाई सांगता येत. पण त्या उन्हाळ्यात पाणीच नोयतं, तं ओढ झाली नाई. ते एक. मंग पुढच्या साली मोठे रोहू निंगाले, ते दोन. झिंगूबाप्पाचा पाय मोडला ते तीन. मरळ लई निंगाली ते चार..." ती एकेक ओढ सांगत गेली. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मरणाची, साप जाळ्यात आला त्या सालची. बाजूच्या बाया माना हलवत होत्या, एकीनं मध्येच तिला दुरुस्तही केलं. "...अन् मागच्या उन्हाळ्याची. तेरा खेपा ओढलं, अन् एक कोरडं. चौदा."

"म्हणजे सोनू चौदा वर्षांची?"

"झाली पुसात."

मनसाराम जाळ्याच्या पलीकडून मोठ्यानं म्हणाला, "मासोळ्या मोजून पोरीचं वय काढते! लिवू नका, मॅडम, काईच्या काई. बायायचा हिशोब होय तो."

फरहानं पेन उचलून धरला. गोकुळानं सुई पुढच्या घरात घातली. मनसाराम उठून तुडुमाकडे चालू लागला. त्याला तिथं काम नव्हतं. पण पाळ बांधल्याचं साल त्याला स्वतःला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक असायला हवं होतं, कारण ते त्यानंच लिहिलं होतं. तुडुमाची नवी भिंत लिंपून झाली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं होतं, लिवता येते का कोणाले? मनसारामनं खिळा घेतला होता आणि ओल्या सिमेंटवर चार आकडे कोरले होते. सगळा मोहल्ला भोवती उभा होता. आता जाऊन ते आकडे पाहायचे, बायकोचं तोंड बंद करायचं, आणि मॅडमलाही दाखवायचं, एवढाच त्याचा विचार होता.

भिंतीवर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. त्यानं कमरेचा विळा काढला आणि खरवडायला घेतलं. आधी एक निघाला. मग नऊ. मग आठ निघाला आणि त्याचा हात हळू झाला. शेवटचा आकडा तीन होता. १९८३. तीनचं शेपूट त्यानं लांब ओढलं होतं, झोकात. तो आपलाच हात होता, त्यात वाद नव्हता.

तो उकिडवा बसला आणि ओल्या मातीत बोटानं वजाबाकी मांडली. सत्त्याण्णव वजा त्र्याऐंशी. चौदा आले. पुसून पुन्हा मांडली. हातचा घ्यायची भानगडच नव्हती त्यात, दुसरीतलं पोर करेल अशी वजाबाकी. तरी त्यानं ती तिसऱ्यांदा मांडली, आणि चौदाच आले. त्यानं भिंतीला हात लावला.

समोर काठाच्या पाण्यात सोनू चार पोरींबरोबर झिंगे वेचत होती. लुगडं वर खोचलेलं, पाय लांबलचक. ती काहीतरी ओरडली आणि दुसरीच्या अंगावर चिखल फेकून पळाली. पळताना तिची कोपरं दोन्हीकडे उडत होती. मनसारामनं आपल्या पोरीला रोज पाहिलं होतं. पण ही जी पळत होती ती एक लहान पोर होती, आणि ती कधीपासून अशी लहान होती हेच त्याला कळेना. तो घाबरून गेला. चार वर्षांपूर्वी, खाचेला खांदा लागला तेव्हा, ही दहाची होती. दहाच्या पोरीला छातीभर पाण्यात जाळ्याचं टोक धरून त्यानं उभं केलं होतं आणि भरवाटा घेऊन घरी आला होता.

घरी आल्यावर त्यानं गोकुळाला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"काय?"

"चौदाची हाय ते."

"चौदा उन्हाळे झाले हे मालूम होतं. अठरा तुमी सांगतलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई? लगन जुळवलं तवा?"

गोकुळानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माह्या बोलण्यानं काय होते? बायायचा हिशोब होय तो."

पुढचे आठ दिवस तो कामात राहिला. जाळ्याला वजन द्यायच्या मातीच्या गोळ्या भाजल्या, दोर वळले, नाव पालथी घालून डांबर लावलं. हेमराजकडे निरोप धाडावा असं रोज सकाळी ठरवायचा आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसावर ढकलायचा. शब्द दिलेला होता. आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती त्याला फार आधी दिसली होती आणि ती बोलायची हिंमत त्याच्यात नव्हती. पोरगी चौदाची म्हटली की चार सालांचा भरवाटा खोटा ठरत होता.

ओढीच्या दिवशी पहाटेपासून मोहल्ला पाण्यात होता. छातीपर्यंत गार पाणी, पायाखाली मांडीपर्यंत चिखल. जाळं ओढताना तळहाताची सालं निघत होती आणि नखांत माती भरत होती. बाया एका टोकाला, बापे दुसऱ्या. हळूहळू जाळ्याचं पोट काठाकडे सरकलं, पाणी उकळल्यासारखं हलू लागलं, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत पाळीवर मासोळ्यांचे ढीग पडले. पाण्याच्या मानानं माल बराच होता. झिंगूबाप्पा फडकं पसरून वाटे घालायला बसला. मोहल्ला सगळा एका जागी सापडतो म्हणून फरहाही आली होती. बाभळीखाली तिच्याभोवती बाया बसल्या होत्या आणि आता त्या न विचारता बोलत होत्या.

हेमराजही आला. पांढरं धोतर, नवी चप्पल. चिखलापासून चार हात लांब उभा राहिला.

"काय इवाई, ओढ बरी दिसून राह्यली," तो होणाऱ्या व्याह्याला म्हणाला. "मंग पुनवेचं पक्कं ना? पोराचे कपडे घेऊन टाकले मी."

मनसारामच्या अंगावरून पाणी निथळत होतं. सोनू जवळच उभी राहून आपल्या वाट्याकडे पाहत होती.

"हेमराजभाऊ, लगन नाई होत," तो म्हणाला. "पोरगी चौदाची हाय."

हेमराजला आधी ती थट्टा वाटली. "कोण म्हणते?"

"मी म्हणतो. तुडुमावर लिवलेलं हाय."

"अन् कागदावर काय लिवलं तू? अठरा. साऱ्या गावाले मालूम हाय. तुडूम खरं की कागद खरा?"

"कागद मी अंदाजानं लिवला."

हेमराज हसायचा थांबला. पण त्याच्या आधी झिंगूबाप्पाचा हात मासोळ्यांत थांबला होता. म्हातारा सावकाश उठला.

"मनसाराम, थांब. पोरगी चौदाची हाय तं चार सालं भरवाटा कायचा नेला तू?"

"खाचेले खांदा लागला होता, बाप्पा."

"लागला म्हणून ते बाई झाली. बाई झाली तं तिचं लगन होते. पोर होती तं अर्धवाटा होता. दोन्ही कसं चालन? तूच सांग, तू शिकलेला हायेस."

वाईट साल होतं, प्रत्येकाचं लक्ष ढिगांवर होतं आणि आता मनसारामवर. मागून कुणीतरी बाप्या 'चोर' म्हणाला, हळू, पण ऐकू येईल असं. पंचवीस वर्षं ज्यांची पाकिटं त्यानं वाचली होती त्यांच्यातल्याच कुणाचा तरी तो आवाज होता. मनसारामला उभ्या जागी लाज वाटली, अशी की चिखलात पाय आणखी खोल गेला तर बरं. एक शब्द बोलला असता तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. अठरा. हाच शब्द त्यानं आजवर शंभरदा उच्चारला होता.

"पोर होती," तो म्हणाला. "अर्धवाटाच होता. माहं चुकलं."

"मंग चार सालाचं वापस किती होते?" झिंगूबाप्पानं विचारलं.

मनसाराम बोटं हलवू लागला. मागून गोकुळाचा आवाज आला, "दोन भरवाटे. यंदाचे माहा अन् याहिचा ठेवून घ्या."

झिंगूबाप्पानं मान हलवली. दोन ढीग उचलून सगळ्यांच्या ढिगांत पसरवले, आणि सोनूच्या ढिगाचा अर्धा हातानं ओढून घेतला. घराचं वर्षाचं सुकं म्हणून आता ती एक टोपली होती. आणि ज्या पोरीसाठी बापानं हे केलं ती पोरगी मोठ्यानं रडायला लागली. तिला लग्नाचं दुःख नव्हतं. सगळ्यांसमोर तिला अर्धवाट्यात बसवलं होतं.

"मी का लहान हाव?" ती ओरडली. "मीन तं त्याहिच्याइतकंच ओढलं!"

ती टोपली लाथाडून घराकडे पळाली.

हेमराजनं धोतराचा सोगा झटकला. "मले काय? तुमच्या मोहल्ल्यात भरवाट्याच्या पोरी का एकच हाय? तेंदूच्या आधी मले सून पाह्यजेच." आणि त्यानं खरोखरच मान वळवून ओल्या कपड्यांतल्या पोरींवरून नजर फिरवली. मागच्या महिन्यात हाच माणूस त्याच्या अंगणात असाच सोनूकडे पाहत होता आणि त्यानं त्याला चहा पाजला होता. बाभळीखालच्या बाया उठल्या. एकेकीनं आपापली पोर हाताला धरून फरहाच्या मागं नेली. झिंगूबाप्पाची नातही त्यांत होती, आणि बाप्पानं तिला अडवलं नाही. हेमराज थोडा वेळ उभा राहिला. त्या दिवशी त्याला कुणी बस म्हटलं नाही. मग तो नदीच्या वाटेला लागला.

उन्हं कलली तेव्हा लोक आपापले वाटे घेऊन गेले. मनसाराम पाळीवर बसून राहिला. गोकुळा त्या एका टोपलीतल्या मासोळ्या विळ्यावर चिरून मीठ लावत होती. पोटं काढून बाजूला टाकायची, कावळे ती उचलून न्यायचे. फरहाच्या फॉर्मवर फक्त त्यांचंच घर राहिलं होतं.

"भाऊंचं झालं. सोनूचं चौदा लिहिलं. आता गोकुळाबाई, तुमचं."

मनसारामनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"माहं लगन झालं ते साल मले मालूम हाय," गोकुळा म्हणाली. "बहात्तरचा दुष्काळ. शाळेत फळ्यावर साल रोज लिवत."

"शाळेत?" मनसारामनं विचारलं. "तू कुठी शाळेत जात होती?"

"जात होती."

"कवा सांगतलं नाई!"

"तुमच्या मायनं सांगतलं होतं, इथी बोलू नको. चौथी पासच्या घरी आली, वरचढ दिसन." तिनं पुढची मासोळी घेतली. "तिसरीत होती. परीक्षा आठ दिवसांवर होती. घरी खायाले नोयतं, तं बापानं देऊन टाकलं."

फरहानं पेन खाली ठेवला नाही, पण तो चालतही नव्हता. "तिसरीत म्हणजे बाई, किती वर्षांच्या होता?"

"नऊ सरून दहावं लागलं होतं. मास्तरनं हजेरीत लिवलं होतं, ते मी पाह्यलं होतं."

मनसारामला वजाबाकी करायची गरज पडली नाही. त्याला ती वरात आठवली, नाल्याच्या वाळूतून त्यानं नवरीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती झोपून गेली होती. लोक हसले होते, तोही हसला होता. तो अठराचा होता तेव्हा. तीही अठराची, असं आई म्हणाली होती. खाचेला खांदा लागायला तिला पुढं किती सालं लागली तेही त्याला आठवलं. तरी ही अठराचीच, बुटकी आहे, असं सगळे म्हणायचे. आणि मग त्याला पुढचं आठवलं. सोनूच्या आधी दोन मुलं झाली होती, जगलं एकही नव्हतं. त्यातलं पहिलं लग्नानंतर तीन वर्षांनी.

"गोकुळा," तो म्हणाला. "पहिलं पोर..."

"बारा सरलं होतं."

फरहाच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं.

"मले मालूमच नोयतं पोटात काय होऊन राह्यलं ते," गोकुळा सांगत होती, फरहाला की त्याला ते कळत नव्हतं. "वाटलं, मासोळीचा काटा गेला पोटात. मायकडं नेऊन सोडा म्हणून रडली दिवसभर. पोर निळं निंगालं. तुमची माय म्हणे, अठराची घोडी अन् एक पोर नाई जगवता आलं. तुमी कोपऱ्यातली जाळ्याची काठी उचलली होती."

तिनं मासोळी मिठात टाकली आणि पुढची घेतली. मनसाराम तिच्या हातांकडे पाहत होता. ती काठी किती वेळा खाली आली होती हे त्याला आठवत नव्हतं. चोवीस वर्षं तो या बाईच्या शेजारी जेवला होता.

"चार खेपा," गोकुळा म्हणाली. "मी मोजल्या होत्या. लिवा, मॅडम, मले मोजता येते."